मेणातल्या सासूबाई

३ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस कुणाशीही भांडण न होता पार पडला. धाकटीने पैज लावली होती की जेवणाच्या सुट्टीआधीच मी कुणाचं तरी डोकं फोडून येईन. हरली. आता आठवडाभर भांडी तिच्याकडे, असं मी जाहीर करून टाकलं. पण पाठीचं एवढं दुखणं घेऊन तिला भांडी घासू देईन तर मी मोठी बहीण कसली! तिलाही ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर बिनधास्त पैजा लावते.

घर आवडलं. दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीला मोठी खिडकी. खिडकीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आमची प्रयोगशाळा. तिसऱ्या मजल्यावरची माझी खोली अरुंद आहे, पण उजेड भरपूर. टेबलावर जोडीचा मायक्रोस्कोप आहे. समोरासमोर बसून दोन माणसं एकाच वेळी एकच काच बघू शकतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. डॉक्टर म्हणजे इथले प्रमुख. इतकं हळू आणि गोड बोलतात की ऐकताना कान पुढे करावा लागतो. शेजारच्या खोलीत काका असतात. मेणात घट्ट बसवलेल्या गाठींचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणं हे त्यांचं काम. पंखा लावला तर काप उडून जातात, म्हणून बिचारे दिवसभर घामाने भिजलेले असतात आणि त्यावर स्वतःच विनोद करतात.

इथे येण्याचं खरं कारण धाकटी. तिच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली कॅन्सरची गाठ आहे. गाठीत रक्तवाहिन्यांचं जाळं इतकं दाट की सर्जन हात लावायला तयार नाहीत. कापली तर रक्त थांबायचं नाही, असं म्हणाले. म्हणून आधी वाहिन्या कमी करणारं औषध, मग पुन्हा तुकडा काढून वाहिन्यांची मोजणी. आकडा उतरला तर ऑपरेशन, नाही तर नाही. ते औषध इथे मिळतं आणि मोजणारीची जागाही इथेच रिकामी होती. एका दगडात दोन पक्षी. आज मी फार खुशीत आहे.

५ मार्च, बुधवार

कामाची रीत इथेही तीच आहे. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून गाठ आजूबाजूच्या शरीराला हाक मारते आणि रक्ताच्या नळ्या तिच्या दिशेने वाढत येतात. कापावर असा रंग चढवायचा की फक्त नळ्यांचं अस्तर तपकिरी दिसेल. मग सगळ्यात दाट जागा शोधायची, मोठी करायची आणि मोजायची. आधी मी एकटी मोजते, मग डॉक्टरांबरोबर जोडीने. दोघांना मान्य झाली तेवढीच नळी धरायची.

रंग नीट चढला की नाही हे कळायला प्रत्येक काचेवर, रुग्णाच्या कापाशेजारी, एक ठरलेला काप ठेवतात. भरपूर नळ्या असलेल्या जुन्या गाठीचा. तो तपकिरी झाला म्हणजे रंग बरोबर. इथे त्या गाठीला सगळे सासूबाई म्हणतात. कारण सासूबाई कधी चुकत नाहीत आणि कधी जात नाहीत! काकांनी हे सांगितलं तेव्हा मी खो खो हसले. लग्न केलं नाही म्हणून सासू मिळाली नव्हती, ती उणीव भरून निघाली.

एक गोष्ट मात्र खटकली. पूर्वी जिथे होते तिथे हा काप वेगळ्या काचेवर ठेवायचे. इथे रुग्णाच्या अगदी शेजारी, मधे बोटाच्या नखाएवढी मोकळी काच. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आमची पद्धत आहे. पद्धत आहे म्हणे! पण नवीन आहे, म्हणून वाद न घालता पुढची काच लावली.

१२ मार्च, बुधवार

धाकटीच्या गाठीचा तुकडा काल काढला आणि आज तिची काच टेबलावर आली. काचेवर फक्त नंबर असतो, पण काकांनी डोळ्यांनीच सांगितलं. घरच्या माणसाची मोजणी मी करू नये, असं मीच डॉक्टरांना म्हणाले. ते म्हणाले, घरचं माणूस जास्त काळजीने मोजतं.

औषधाआधी आकडा बासष्ट होता. आज मोजला, एक्केचाळीस. पुन्हा मोजला, एक्केचाळीसच. जागेभोवती शाईचा बारीक गोल काढून ठेवला आणि खिडकीशी जाऊन धाकटीला दोन्ही हात हलवून दाखवले. तिला काय कळलं कुणास ठाऊक, तीही नाचल्यासारखं करत होती. उद्या डॉक्टरांबरोबर जोडीने मोजलं की सर्जनकडे कागद जाईल.

१३ मार्च, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

जोडीने मोजलं. अठ्ठावन्न. तीच काच, तोच शाईचा गोल, आणि अठ्ठावन्न! डॉक्टर म्हणाले, बहिणीची माया आहे, नळ्या नजरेआड होतात. असं म्हणाले आणि हसले. एवढी वर्षं मी नळ्या मोजतेय. झोपेत मोजीन. मी म्हटलं, काल इथे एवढ्या नळ्या नव्हत्या. तर म्हणाले, मेणातून काढलेला, रसायनात मेलेला तुकडा आहे, त्यात रात्रीतून नळ्या उगवतात का? काका शेजारी उभे राहून हसले. त्या हसण्याचाच जास्त राग आला.

सर्जनकडे अठ्ठावन्न गेला. ऑपरेशन लांबलं. धाकटी म्हणाली, जाऊ दे ताई, अजून थोडं औषध घेऊ. तिच्यावरही ओरडले. मग तिला जवळ घेतलं.

१७ मार्च, सोमवार

चहाची सुट्टी सोडून ती काच पुन्हा लावली. मोजल्या नाहीत, मोजायची गरजच नव्हती. शाईचा गोल भरून गेलाय.

आणि गोलाबाहेर आणखी एक गोष्ट दिसली. धाकटीच्या कापाच्या कडेतून एक तपकिरी दोरा बाहेर आलाय, मोकळ्या काचेवर. जिथे काहीच नाही, मांस नाही, पेशी नाही, नुसती काच, तिथे एक नळी. सरळ सासूबाईंकडे चाललेली. अर्धं अंतर तिने कापलंय.

दुसऱ्या रुग्णांच्या जुन्या काचा काढल्या. सगळ्यांवर तसाच दोरा, आणि सगळ्या जुन्या काचांवर तो पोचलेला.

डॉक्टरांना ओढत आणून दाखवलं. ते म्हणाले, रंगाचा ओघळ आहे. ओघळाला अस्तर असतं का, पोकळी असते का, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या. मला वेड्यात काढतायत. चोराच्या उलट्या बोंबा, त्यातली गत.

१८ मार्च, मंगळवार

धाकटीची पट्टी बदलताना पाठ नीट बघितली. गाठीभोवती निळसर शिरा पूर्वीही होत्या, चहूकडे पसरलेल्या. आता त्या सगळ्या एकाच बाजूला गेल्यात. भांग पाडावा तशा. खिडकीच्या बाजूला.

पलंग फिरवला. तिला सांगितलं की वारा लागतोय. उगाच चिडतेस हल्ली, म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

सकाळी पट्टी काढली. तिची पाठ आता दुसरीकडे होती, पण शिरा पुन्हा खिडकीकडे वळल्या होत्या. काखेखालून जाऊन, मानेवरून वर, जसं जमेल तसं, पण खिडकीकडेच. समोर प्रयोगशाळा. तिसरा मजला.

धाकटी म्हणाली, ताई, पाठ ओढल्यासारखी होते गं, कुणी बोलावल्यासारखी.

काकांना गाठलं. सासूबाई कुणाची गाठ, विचारलं. ठाऊक नाही म्हणाले. किती वर्षं कापताय, विचारलं. म्हणाले, लागलो तेव्हापासून. मी म्हटलं, मग तिचा मेणाचा ठोकळा संपला कसा नाही? रोज काप काढतोय तर एव्हाना मेणसुद्धा उरायला नको. त्यावर हसून म्हणाले, सासूबाई कधी संपतात का!

त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यभर रोज कापतोय, रोज बघतोय की तुकडा तेवढाच आहे, आणि याला एकदाही प्रश्न पडला नाही. विनोद करायचा आणि पुढचा काप काढायचा. किती माणसांच्या काचा शेजारी ठेवल्या याने? त्यांचं काय झालं हे विचारल्यावर म्हणतो कसा, ते आपल्याकडे कळवत नाहीत.

डॉक्टरांकडे जाऊन टेबलावर हात आपटला. माझ्या बहिणीच्या काचेवरून ते काढा, म्हटलं. ते म्हणाले, त्या एका ठोकळ्यामुळे आपल्या आकड्यांवर सगळे विश्वास ठेवतात, तो काढला तर इथल्या मोजणीला विचारतो कोण. पुढच्या आठवड्यात तिचा नवा तुकडा येणार आहे. तोही सासूबाईंच्याच शेजारी बसेल.

बसेल कसा, बघते.

२१ मार्च, शुक्रवार

संपवली.

काका जेवायला गेल्यावर त्यांच्या खोलीत शिरले आणि कडी लावली. ठोकळा यंत्रावर चढवला आणि चाक फिरवत सुटले. काप पडत होते, मी फिरवत होते. दंड भरून आले तरी थांबले नाही. राग इतका होता की तोंडाने शिव्या देत होते, आईने ऐकल्या असत्या तर घराबाहेर काढलं असतं. आधी तुकडा तेवढाच दिसत राहिला. पण मी त्याला पुन्हा वाढायला वेळच दिला नाही. लहान होत गेला. मग मेण ओलं झालं. मेण ओलं होत नाही. पातं लाल झालं, आणि ते रंगाचं लाल नव्हतं.

शेवटचा कण पात्याखाली गेला तेव्हा माझ्या डाव्या हाताचं बोटही गेलं. टोकाला छोटीशी जखम. सगळे काप गोळा करून जाळायच्या डब्यात टाकले आणि डबा भट्टीत गेलेला डोळ्यांनी बघितला.

नोकरी जाऊ दे चुलीत.

२२ मार्च, शनिवार

धाकटीच्या पाठीवरच्या शिरा पसरल्या! पुन्हा चहूकडे, फिकट, नेहमीसारख्या. ओढ नाही, पोटभर जेवली. मी रडले, ती हसली. तिला म्हटलं, बघ, चार शिव्यांनी जे काम होतं ते शंभर नमस्कारांनी होत नाही.

डॉक्टरांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीतच उचलला. पण ते रागावले नव्हते. फक्त विचारलं की बोट कसं आहे. बोटाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

नोकरीवरून कुणी काढलं नाही. धाकटीचा नवा तुकडा काल काढला. आज त्याची काच आली, शेजारी काही न ठेवता. एकोणीस! डॉक्टरांनी जोडीने मोजलं, त्यांनाही एकोणीसच मिळाल्या. सर्जनने ऑपरेशनला तीन एप्रिल ही तारीख दिली. त्या दिवसापर्यंत आकडा चढला नाही तर गाठ निघते आणि बहीण जगते.

बोटाची जखम भरलीय. भरलीय म्हणजे जास्तच. टोकाला टणक लालसर गाठ आलीय, मटाराएवढी.

२७ मार्च, गुरुवार

पट्टी बदलायला तिच्या डावीकडे बसले होते. शिरा डावीकडे. पाणी आणायला उठले, परत आले, उजवीकडे बसले. पट्टी तशीच उघडी होती. बघता बघता

शिरा उजवीकडे आल्या. माझ्या डोळ्यांदेखत. गवत हलावं तशा.

हात मागे नेला. त्या हाताच्या मागे गेल्या.

धाकटीने विचारलं, ताई, काय बघतेस? काही नाही म्हटलं. ती म्हणाली, तू जवळ असलीस की पुन्हा ओढतं.

२८ मार्च, शुक्रवार

मूर्ख. मूर्ख बाई. पहिल्या वर्षी शिकवतात. नळ्या गाठीच्या हाकेने येतात, नाही तर जखमेच्या. मांस कापलं की आजूबाजूच्या नळ्या धावतात. मी त्या गाठीला एका दुपारी हजार जखमा केल्या आणि वर स्वतःचं बोट उघडं धरलं. जन्मभर नळ्या मोजल्या आणि एवढं कळलं नाही. रागाच्या भरात गेले सोडवायला आणि घेऊन आले घरात.

डॉक्टर घरी आले होते. काचेवर शेजारी ठेवायचा काप संपलाय, काम अडलंय, म्हणाले. बोटाची गाठ काढून द्या, मेणात बसवू. जसं काही वाटीभर साखर मागतोय. सासूबाईही, म्हणजे ज्यांची ती गाठ त्या, तुमच्याच खुर्चीवर बसून मोजायच्या, असं त्यांनी सांगितलं. चांगल्या होत्या. तुमच्यासारख्याच तापट.

त्यांना ढकलत जिन्यापर्यंत नेलं. ते गोड हसत होते.

३० मार्च, रविवार

घर सोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतलीय. धाकटीला खोटं सांगितलं, कामासाठी जातेय. ती रुसली. ऑपरेशनच्या आधी कुणी जातं का, म्हणाली. तोडून बोलले तिला. तोडूनच बोलायला हवं होतं, नाही तर मागे आली असती.

फोनवर म्हणाली, शिरा पुन्हा पसरल्यात. म्हणजे लांब आहे तोवर ठीक. फक्त तीन तारखेपर्यंत.

बोटाची गाठ लिंबाएवढी.

१ एप्रिल, मंगळवार

कापून टाकावं म्हटलं. सुरी हातात घेतली. पण कापलं की जखम. जखम झाली की

शेजारच्या घरात कुणी आजारी बाई आहे. सकाळी तिचं खोकणं कोपऱ्यातल्या खोलीत होतं. आता माझ्या भिंतीला लागून. तिचा मुलगा म्हणतो, आई पलंग इकडेच सरकवायला सांगते.

डॉक्टर. त्या माणसाचा गळा माझ्या या हातात यायला हवा होता. या डाव्या हातात.

२ एप्रिल, बुधवार

उद्या ऑपरेशन. फक्त आजचा दिवस.

हात कोपरापर्यंत तपकिरी. दुखत नाही. राग येतो तेव्हा जास्त वाढतो. म्हणून राग आणायचा नाही. श्वास घ्यायचा. मोजायचं. एक, दोन —

दार वाजलं.

धाकटी. दाराबाहेर धाकटी. म्हणतेय, ताई, भांडून गेलीस, उद्या काही झालं तर तशीच जाऊ का मी? दार उघड ना गं.

पत्ता कुणी दिला ओरडून विचारलं. डॉक्टरांनी. स्वतः आणून सोडलं. खाली गाडीत बसलेत. मेल्याने — स्वतः आणून —

जा म्हटलं. शिव्या दिल्या. येतील तेवढ्या. ती रडतेय पण जात नाही. म्हणते पाठ ओढतेय ताई, मला मागे होताच येत नाहीये, पाठ दाराला —

दाराच्या फटीखालून लाल. बारीक. दोऱ्याएवढं. मोकळ्या फरशीवरून माझ्याकडे —

उजव्या हाताने लिहितेय. लिहीत राहिले की उठणार नाही. उठणार नाही मी. धाकटे पळ. कडी मी काढत नाहीये, शपथ, मी इथे बसलेय, डावा हात एवढा लांब कसा — धाकटे, हा हात माझा —